कॉलेजच्या फिल्म क्लबला आदिवासींवरचा पहिला चित्रपट कुठला दाखवू?

कोल्हापुरातल्या कॉलेजसाठी विचारताय, तर आधी बघा कॅमेरा कुणाच्या हातात आहे. मी 'नाची से बांची'ने सुरुवात करेन. रांचीचे दिग्दर्शक बिजू टोप्पो स्वतः उरांव या आदिवासी जमातीचे. सहदिग्दर्शक मेघनाथांसोबत त्यांनी झारखंडचे आदिवासी विद्वान आणि कलावंत रामदयाल मुंडांवर हा माहितीपट केला. 'जो नाचेल तो वाचेल' हे मुंडांचंच म्हणणं, तेच नाव.

मग 'अटानारजुआट' (2001). भाषा इनुक्टिटुट, दिग्दर्शक झकारियास कुनुक इनुइट, म्हणजे कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतले मूळ रहिवासी, कलाकारही तिथलेच. जीव वाचवायला एक माणूस बर्फावरून उघडानागडा, अनवाणी धावतो, पाय रक्ताळतात. तो प्रसंग बघताना मला श्वास घ्यायचं भान राहिलं नव्हतं.

चर्चेत आपल्याकडच्या हजेरीचाही विषय काढा: 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या लोकांना सरकारी माणसापुढे नियमित हजर व्हावं लागे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ती 1918 ला बंद केली. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा मात्र 1952 पर्यंत टिकला.