झाडं लावायला डिग्री कशाला?

नमस्कार.

लेक बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. औद्योगिक वसाहतीच्या नाल्याकाठची तुमची दोन एकरं पिकतात, पण तिथलं घरात खायला मन धजत नाही. आता ती म्हणते, झाडं लावून, मातीत काही मिसळून जमिनीतले धातू आवरायचं शिक्षण घेणार. भावकी हसते, ‘झाडं लावायला डिग्री कशाला?’ आणि तुम्हाला वाटतं, तिने मुकाट एमपीएससी द्यावी. तुमच्या पत्राचा सारांश एवढाच ना?

भावकीचं आधी बघू. झाड लावायला डिग्री लागत नाही. ते काम किती वर्षांत उरकेल हे सांगायला लागते. कागद घ्या, लेकीला शेजारी बसवा. एक हेक्टरातला 25 सेंटीमीटरचा नांगरटीचा थर म्हणजे साधारण 3,250 टन माती. समजा, तिच्यात किलोमागे 1 मिलिग्रॅम कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, जास्तीचं आहे. एकूण झालं सव्वातीन किलो. विलोची झाडं पाल्यासकट वर्षाला 8 टन सुका माल देतात आणि त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम येतं असं धरलं, तर वर्षाला निघालं 160 ग्रॅम. म्हणजे वीस वर्षं! शिवाय कापलेलं लाकूड चुलीत घालायची सोय नाही, कारण जाळल्याने धातू नाहीसा होत नाही. हा हिशेब तिने आकडे बदलून बदलून करून पाहिला, तर वाट तिची आहे. नुसतं ‘हिरवं काम’ म्हणून आवडत असेल, तर दोन वर्षांत विटेल.

या विषयाची पंढरी म्हणजे बेल्जियमचा केंपेन भाग. जस्ताच्या भट्ट्यांच्या धुरातून तिथल्या रेताड जमिनीत वर्षानुवर्षं कॅडमियम, जस्त उतरलं. लोमेल गावाजवळ एका जुन्या भट्टीच्या जागेवर गवतही उगवेना. 1990 साली तिथल्या 3 हेक्टरांत कंपोस्ट आणि बेरिंगाइट मिसळलं. बेरिंगाइट म्हणजे बेरिंगेनच्या कोळसा खाणीतला टाकाऊ दगडगोटा जाळून उरलेला माल. गवत आलं आणि टिकलं. धातू मात्र कुठे गेले नव्हते, मातीला धरून गप्प बसले होते. झाडांनी धातू ओढून काढणं हा पहिला मार्ग, मातीतच बांधून ठेवणं हा दुसरा. लवकर गुण येतो, पण राखण कायमची.

तिथली कृती उचलून इथे आणता येत नाही, आणि खरा अभ्यास इथेच सुरू होतो. केंपेनची माती आम्ल, म्हणून चुन्यासारख्या गोष्टींनी कॅडमियम आवरतं. आपली काळी माती बहुधा मुळातच चुनखडीची. तिच्यात आणखी चुना ओतून काय साधणार? आणि आर्सेनिक निघालं, तर सामू (पीएच) वाढल्यावर ते उलट सुटं होऊ शकतं. विलो तर आपल्याकडे काश्मीरचा, क्रिकेटच्या बॅटीचा. जवळचं उदाहरण हवं तर नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीचं बघा. तिथल्या ढिगाऱ्यांवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि जिवाणू-बुरशी वापरून झाडं वाढवली. ते शेत नव्हे, पण कामाची जात तीच.

शिक्षणाचं थोडक्यात: एम.एस्सी. मृदाशास्त्र व कृषी रसायनशास्त्र. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठांत होतं. संशोधनाकडे कल असेल तर भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था आणि लखनौची एनबीआरआय ही वनस्पती संशोधन संस्था लक्षात ठेवावी. ‘झाडांनी माती साफ करणारा’ अशी जाहिरात कधी निघत नाही, हे आत्ताच सांगतो. काम मिळतं ते माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत, पर्यावरण सल्लागारांकडे, खाणींच्या पुनर्वसनात. 2025 साली केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत, तेव्हा मागणी वाढेल असा माझा अंदाज, भरवसा नव्हे. एमपीएससीचं दार एम.एस्सी.ने बंद होत नाही. कृषी सेवेला ती नंतरही बसू शकते.

येत्या सुट्टीत तिला आपल्याच रानातले नमुने काढू द्या. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यायची, मिसळून चार भाग करत अर्धा किलो उरवायची. जस्ती बादली वापरू नका, तिचंच जस्त नमुन्यात उतरतं. प्लास्टिकचं घमेलं घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत कॅडमियम, शिसं नसतं, ते प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं. आणि अहवाल येईपर्यंत त्या रानात पालक-मेथी नको. पालेभाजी कॅडमियम पटकन ओढते.