'इंडिया आउट' म्हणणारे मुइझ्झू संसद जिंकल्यावर पुन्हा भारताकडे का वळले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोहम्मद मुइझ्झू 'इंडिया आउट' (म्हणजे भारतीय सैनिक मालदीवबाहेर काढा) या घोषणेवर मालदीवचे अध्यक्ष झाले, एप्रिल 2024 मध्ये मालदीवच्या संसदेतही त्यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं, म्हणजे जनतेने भारतविरोधी धोरणाला दोनदा कौल दिला. मग सहा महिन्यांच्या आत ते दिल्लीत मदत मागायला कसे आले?

यातलं 'दोनदा कौल दिला' हे मला मान्य नाही. सप्टेंबर 2023 ची अध्यक्षीय निवडणूक आणि एप्रिल 2024 ची मजलिसची, म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक या दोन वेगळ्या जातीच्या निवडणुका आहेत. दुसरीत भारत आणि चीन जवळपास नव्हतेच. उलट ती जिंकल्यामुळेच मुइझ्झूंना भारताकडे वळणं परवडलं, आणि तिजोरीत डॉलर उरले नसल्यामुळे वळावंच लागलं.

आधी आकडे. मजलिसमध्ये 93 जागा आणि एकूण मतदार सुमारे 2 लाख 84 हजार. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन हजार मतदार. महाराष्ट्रात विधानसभेच्या एकाच मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांच्या पुढे मतदार असतात; अख्खा मालदीव त्यात मावून जागा उरेल. राज्यघटनेनुसार प्रत्येक प्रशासकीय विभागाला, मग तिथली वस्ती कितीही कमी असो, पहिल्या पाच हजार नोंदणीकृत रहिवाशांमागे दोन जागा मिळतात आणि पुढे लोकसंख्येप्रमाणे वाढ होते. म्हणून 2009 मध्ये 77 असलेल्या जागा 2014 मध्ये 85, 2019 मध्ये 87 आणि आता 93 झाल्या.

तीन हजार मतदारांत उमेदवार प्रत्येक घर ओळखतो. बेटाला बंदर हवं, सांडपाण्याची वाहिनी हवी, मुलाला सरकारी कंपनीत नोकरी हवी, राजधानी मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत भूखंड नाहीतर फ्लॅट हवा. ही सगळी कामं सरकारच करू शकतं, आणि सरकार नुकतंच बदललेलं असतं. अध्यक्षाची निवड सप्टेंबरमध्ये, शपथ नोव्हेंबरमध्ये आणि मजलिसची निवडणूक त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, हे वेळापत्रकच नव्या अध्यक्षाच्या सोयीचं आहे. 2019 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष इब्राहिम सोलीह यांच्या एमडीपी (मालदिवियन डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाने 87 पैकी 65 जागा घेतल्या होत्या, तेव्हा घोषणा 'इंडिया फर्स्ट' होती. 2024 मध्ये मुइझ्झूंच्या पीएनसी (पीपल्स नॅशनल काँग्रेस) या पक्षाने 93 पैकी 66 घेतल्या. पाच वर्षांत मालदीवच्या मतदाराचं परराष्ट्र धोरणावरचं मत उलटंपालटं झालं, असं यातून काढणं धाडसाचं आहे. दोन्ही वेळा मतदार सत्तेच्या बाजूला गेला, इतकंच. अपवाद 2009 चा: मोहम्मद नशीद अध्यक्ष असूनही विरोधी डीआरपी पक्षाला त्यांच्या एमडीपीपेक्षा जास्त जागा मिळाल्या आणि त्यांची पुढची तीन वर्षं संसदेशी भांडण्यात गेली. तिथला प्रत्येक अध्यक्ष हा धडा लक्षात ठेवतो.

मुइझ्झूंच्या विजयाचं दुसरं कारण विरोधकांची फूट. नशीद 2023 मध्ये एमडीपीतून बाहेर पडले आणि 'द डेमोक्रॅट्स' हा पक्ष उभा राहिला. दोघांचा मतदार एकच, आणि पद्धत सरळ 'ज्याला जास्त मतं तो विजयी'. अशा ठिकाणी पन्नास-शंभर मतं इकडची तिकडे झाली की जागा जाते. एमडीपी 12 वर आली, डेमोक्रॅट्सना एकही जागा नाही. तिकडे 'इंडिया आउट' मोहिमेचे मुख्य नेते, माजी अध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांनी मुइझ्झूंशी फारकत घेऊन पीएनएफ हा वेगळा पक्ष काढला होता. मतदानाच्या तीन दिवस आधी, 18 एप्रिलला, उच्च न्यायालयाने त्यांची 11 वर्षांची शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. तरी त्यांच्या पक्षालाही शून्यच. सर्वांत कडव्या भारतविरोधी गटाला एकही जागा मिळत नाही, ही गोष्ट भारतातल्या बातम्यांत फारशी आली नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खरं तर तिच्यातच आहे.

उलट बाजूची चूकही आपल्याकडे झाली. जानेवारी 2024 मध्ये, मोदींच्या लक्षद्वीप दौऱ्यावरून भारतीय आणि मालदीवकरांची समाजमाध्यमांवर जुंपलेली असताना, मालेच्या महापौरपदाची पोटनिवडणूक एमडीपीच्या आदम अझीम यांनी जिंकली. लगेच 'मालदीवची जनता मुइझ्झूंवर नाराज' असे मथळे झळकले. मतदान फारच कमी झालं होतं आणि प्रश्न शहरातले होते. तीन महिन्यांनी काय झालं ते आपण पाहिलंच.

मग मुइझ्झूंना मजलिस एवढी का हवी होती? जुन्या संसदेत एमडीपीचे 43 आणि डेमोक्रॅट्सचे 13 असे 56 सदस्य त्यांच्या विरोधात होते. तिथे मंत्र्यांच्या नेमणुकीला मजलिसची मंजुरी लागते. जानेवारीच्या शेवटी त्यावरून सभागृहात हाणामारी झाली आणि तीन मंत्र्यांना मंजुरी नाकारली गेली. सात सदस्य सरकारी पदं घेऊन गेल्यामुळे सभागृह 80 चं उरलं होतं. नियमात बदल करून विरोधकांनी महाभियोगाची दोन तृतीयांश रेषा 54 वर आणून ठेवली होती. परदेशी राज्यांशी केलेले तह मजलिसने मान्य करायचे असतात, आणि देशाची जमीन परकीय लष्करी कामासाठी वापरू द्यायची तर सदस्यसंख्येच्या बहुमताची मंजुरी लागते. अशा संसदेसमोर कोणताही अध्यक्ष दिल्लीशी मवाळ बोलायला धजावला नसता. यामीनांचे लोक रस्त्यावर आणि एमडीपीचे सभागृहात, दोघांनीही त्याला फाडून खाल्लं असतं.

आता सैन्याच्या तारखा बघा. मुइझ्झूंनी सैनिक परत न्यायला भारताला 15 मार्चची मुदत दिली. मजलिसचं मतदान आधी 17 मार्चला ठरलं होतं, ते रमझानमुळे 21 एप्रिलवर गेलं. म्हणजे मुदत बरोबर मतदानाच्या दोन दिवस आधीची. पुढे 2 फेब्रुवारीच्या बैठकीत तडजोड झाली: पहिली तुकडी 10 मार्चपर्यंत, बाकीचे 10 मेपर्यंत. मार्चमध्ये बेटांच्या दौऱ्यावर त्यांनी 'साध्या कपड्यांतसुद्धा भारतीय सैनिक राहणार नाही' असं ठासून सांगितलं. प्रत्यक्षात पाऊणशेच्या आसपास गणवेशधारी परतले आणि त्यांच्या जागी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे व इतर नागरी तंत्रज्ञ आले. हे सैनिक जी चालवत होते ती अड्डू आणि लामू या बेटसमूहांवरची दोन ध्रुव हेलिकॉप्टरं व हनिमाधू बेटावरचं डॉर्नियर विमान होतं तिथेच राहिलं. बेटावरच्या रुग्णाला रात्री मालेला हलवायचं तर ही विमानंच लागतात. ती बंद पडली असती तर मतं गेली असती. ही तडजोड दोन्ही सरकारांनी शहाणपणाने केली असं माझं मत आहे. मुइझ्झूंना वचन पाळल्याचं सांगता आलं, भारताचं काम चालू राहिलं.

आपल्या नाशिककरांनी लक्ष द्यावं अशी एक गोष्ट याच दिवसांतली. 8 डिसेंबर 2023 पासून भारतातून कांदा निर्यातीला बंदी होती, ती 4 मे 2024 ला उठली. लासलगावला भाव पडलेले, शेतकरी संतापलेले. त्याच काळात, 5 एप्रिलला, भारताने मालदीवसाठी 2024-25 चा जीवनावश्यक वस्तूंचा कोटा जाहीर केला: कांदा सुमारे 35,750 टन, तांदूळ 1 लाख 24 हजार टन, गव्हाचं पीठ 1 लाख 9 हजार टन, साखर 64 हजार टन, बटाटा साडेएकवीस हजार टन आणि अंडी पावणेत्रेचाळीस कोटी. शिवाय नदीची वाळू आणि खडी प्रत्येकी 10 लाख टन. ही व्यवस्था 1981 पासूनची आहे आणि तेव्हापासूनचा हा सर्वांत मोठा कोटा होता. माल ठरावीक बंदरांतूनच जातो, न्हावा शेवा त्यातलंच एक. मालदीवच्या मतदानाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. भारतात 'बॉयकॉट मालदीव' जोरात असताना सरकारने मात्र पीठ-कांदा थांबवला नाही. मुइझ्झूंनी जानेवारीत तुर्कीकडून धान्य आणायचं, उपचारासाठी थायलंड आणि यूएईची रुग्णालयं जोडायची असं जाहीर केलं होतं. पण मालेच्या बाजारात अंड्याचा भाव ठरतो तो तुतिकोरिनहून निघणाऱ्या जहाजावर.

आता डॉलर, हा सगळ्यात वजनदार भाग. मालदीवमध्ये इंधन, अन्न, औषध, सिमेंट सगळं बाहेरून येतं आणि कमाई जवळजवळ एका पर्यटनाची. सार्वजनिक कर्ज 2024 च्या सुरुवातीला जीडीपीच्या सुमारे 110 टक्के होतं. जुलैच्या सुमारास परकीय चलनाचा एकूण साठा 40 कोटी डॉलरच्या खाली आला. त्यातून अल्पमुदतीची देणी वजा केली तर हाती 5 कोटीसुद्धा उरत नव्हते. ऑगस्टमध्ये फिच या पतमानांकन संस्थेने देशाचं मानांकन उतरवलं, सप्टेंबरमध्ये मूडीजने. 2026 मध्ये परत करायचे 50 कोटी डॉलरचे सुकूक (इस्लामी नियमांनुसार काढलेले) रोखे डोक्यावर होते आणि ऑक्टोबरचा व्याजाचा हप्ता तरी भरता येईल का, अशी चर्चा बाजारात सुरू झाली होती. जगातला पहिला बुडालेला सुकूक देश अशी ओळख कोणालाच नको होती.

चीनने का नाही वाचवलं? जानेवारी 2024 च्या बीजिंग दौऱ्यात 20 करार झाले, मार्चमध्ये विनामूल्य लष्करी मदतीचा करारही झाला. पण चीनचा पैसा प्रकल्पांना बांधलेला असतो: पूल, घरं, विमानतळ. पुढच्या महिन्याचं व्याज भरायला मोकळे डॉलर पाहिजेत, आणि ते लगेच देणारा जवळचा देश एकच होता, भारत. मे आणि सप्टेंबरमध्ये भारताच्या स्टेट बँकेने मालदीव सरकारला ट्रेझरी बिलांपोटी दिलेल्या 5-5 कोटी डॉलरची परतफेड एकेक वर्षासाठी पुढे ढकलली. मुइझ्झूंच्या ऑक्टोबर 2024 च्या भारत दौऱ्यात 40 कोटी डॉलर आणि शिवाय 3,000 कोटी रुपये अशी चलन अदलाबदलीची सोय मिळाली. याच दौऱ्यात मुइझ्झू मुंबईलाही येऊन गेले. त्यामागे रुसलेला पर्यटक होता: 2023 मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय गेले होते आणि भारत पहिल्या क्रमांकावर होता, 2024 मध्ये आकडा सव्वा लाखाच्या थोडा वर राहिला आणि चीन पुढे गेला. एक मात्र नीट लक्षात घ्या. एकूण पर्यटक त्या वर्षी 20 लाखांच्या वर गेले, वाढले. 'भारताच्या बहिष्काराने मालदीव गुडघ्यावर आला' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य आकड्यांत बसत नाही. गुडघ्यावर आणलं ते कर्जाने आणि अनेक वर्षांच्या तुटीच्या अंदाजपत्रकांनी.

जुलै 2025 मध्ये मोदी मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे होते. तेव्हा 4,850 कोटी रुपयांचं नवं कर्ज मिळालं आणि जुन्या कर्जाचा वार्षिक हप्ता 5.1 कोटी डॉलरवरून 2.9 कोटींवर आला. हे नवं कर्ज रुपयांत आहे, हा बारकावा महत्त्वाचा: ते भारतीय माल आणि भारतीय कंत्राटदारांवरच खर्च होतं. मालेला थिलाफुशी बेटाशी जोडणारा 6.74 किलोमीटरचा थिलामाले पूल भारताच्याच, पण आधीच्या डॉलरमधल्या कर्जातून आणि अनुदानातून बांधला जातोय, आणि कंत्राट मुंबईच्या अ‍ॅफकॉन्सकडे आहे.

या बहुमताचा खरा वापर घरात झाला. 20 नोव्हेंबर 2024 ला एका दिवसात घटनादुरुस्ती मंजूर झाली: पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला सदस्य पक्ष सोडेल किंवा काढला जाईल तर त्याची जागा जाईल. आपल्या पक्षांतरबंदीहून ही कडक आहे, कारण पक्षाने नुसतं हाकललं तरी खासदारकी जाते. सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं; फेब्रुवारी 2025 मध्ये नेमक्या सुनावणीच्या दिवशी सातपैकी तीन न्यायमूर्ती निलंबित झाले, एकाने राजीनामा दिला, दोघांना मे महिन्यात मजलिसने काढलं. मालदीवच्या लोकशाहीची काळजी असेल तर तिथली ही बाजू सैनिकांच्या गणवेशापेक्षा जास्त बघण्यासारखी आहे.

शेवटी, 'पुन्हा भारताकडे वळले' हे शब्दही पुरते बरोबर नाहीत. भारताशी झालेला 2019 चा जलसर्वेक्षण करार (मालदीवच्या समुद्राची पाहणी करण्याचा) मुइझ्झूंनी वाढवला नाही, तो जून 2024 मध्ये संपला. तुर्कीकडून बायरक्तार ड्रोन घेतले गेले. चीनशी 2017 मध्ये झालेला आणि सोलीह यांनी बासनात ठेवलेला मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, म्हणजे दिल्लीहून चलनाची सोय घेऊन गेल्यावर तीन महिन्यांच्या आत.