खडा सापडला म्हणून रिपोर्टची पुढची ओळ सोडू नका

तुमची पोस्ट तीनदा वाचली. 6 मिमीचा मुतखडा, मध्येच लघवीत रक्त पण आता दुखत अजिबात नाही, रिपोर्टच्या शेवटी 'डाव्या किडनीत 2.6 सेंमीची गाठ, कॉन्ट्रास्ट सीटी करावा' अशी एक ओळ (कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन काढतात तो सीटी), आणि डॉक्टर म्हणतात आधी खड्याचं बघू. अहो, माझं अगदी हेच झालं होतं, फक्त बाजू उजवी. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेव्हा हे तसंच वाचा. पाणी किती प्यायचं वगैरे तुम्हाला सांगितलंच असेल, ते सोडते.

माझी चूक एकच आणि ती फार महागात पडली. कळा इतक्या भयंकर होत्या की रिपोर्ट हातात आल्यावर मी फक्त खडा केवढा आणि कुठे अडकलाय एवढंच शोधलं, 5 मिमी, मूत्राशयाच्या अगदी जवळ, म्हणजे पडेल आपोआप, आणि नवव्या दिवशी पडलाही. फाइल कपाटात गेली. गाठीची ओळ त्याच पानावर तिसऱ्या नंबरला होती, ती ना मी वाचली ना मला तपासणाऱ्यांनी. चौदा महिन्यांनी परत लाल लघवी झाली, दुखलं नाही, तरी मी म्हटलं खडाच असणार आणि अजून तीन आठवडे घालवले. तोपर्यंत 2.7 ची गाठ 3.4 सेंमी झाली होती. कॅन्सर निघाला. दुखत नसताना रक्त जातंय तर ते खड्यावर ढकलून मोकळं होऊ नका, खडा खरंच असला तरी. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

आणखी एक, खड्यासाठी काढतात तो सीटी साधा असतो, कॉन्ट्रास्ट न देता. त्यात खडा पांढराशुभ्र उठून दिसतो, पण गाठ नक्की कसली ते बऱ्याचदा कळत नाही. गाठीत रक्तपुरवठा आहे का हे कॉन्ट्रास्टवरच समजतं. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगा. आत्ताच कॅन्सर धरून बसू नका हं, नुसती पाण्याची गाठ असू शकते, आणि 4 सेंमीच्या आतल्या भरीव गाठींमध्येही साधारण पाचातली एक साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, निघते.

जुन्या स्कॅनची सीडी आजच मागून घ्या, नुसता कागद नको. गाठ किती वाढली ते जुनी चित्रं शेजारी ठेवूनच बघतात. मला त्या रेकॉर्डच्या खिडकीवर चार फेऱ्या मारायला लावल्या, एकदा डॉक्टरांचं पत्र आणा, एकदा अर्जावर सही चुकली, एकदा संबंधित माणूस रजेवर, आणि शेवटी सिस्टिममध्ये सापडत नाही. माझ्याच पोटाची चित्रं! अजूनही आठवलं की संताप होतो. तेव्हा प्रत्येक तपासणीच्या दिवशीच सीडी घेऊन निघा.

ऑपरेशनचं निघालंच तर माझं मत ठाम आहे, पहिलाच प्रश्न विचारा की फक्त गाठ काढून किडनी वाचवता येईल का. मला पहिल्या ठिकाणी सरळ पूर्ण किडनी काढू म्हणाले होते. दुसऱ्या युरोलॉजिस्टनी गाठ तेवढी काढली, कडा साफ आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला नाही, केमो वगैरे काही लागलं नाही, पाच वर्षं झाली, तपासण्या चालू आहेत. ज्यांना परत परत खडे होतात त्यांच्यासाठी तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण एकच किडनी उरली आणि तिच्याच नळीत खडा अडकला तर लघवीच बंद. अर्थात गाठ कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून, प्रत्येकाला जमेलच असं नाही.

मुलीलाही 3 मिमीचा खडा आहे लिहिलंत. तिचं तुमच्या गाठीशी जोडू नका, किडनीचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. गाठ कमी वयात किंवा दोन्ही बाजूंना असेल, किंवा घरात आणखी कुणाला असेल तर मात्र जेनेटिक सल्ला घ्यावा. लहान मुलांमध्ये जो होतो तो विल्म्स ट्यूमर, तो वेगळाच आजार, बहुतेक पाच वर्षांच्या आत, आणि अंघोळ घालताना पोटात गोळा लागतो तेव्हा कळतो. तसं कधी लागलं तर पुन्हा पुन्हा दाबून बघू नका, लगेच दाखवा. त्यातली साधारण 90 टक्के मुलं बरी होतात. पण मुलांच्या खड्याला 'पडला, झालं' म्हणून सोडू नये. लघवी गाळून खडा जपून ठेवा, तपासायला द्या, 24 तासांच्या लघवीची तपासणी करा, कारण मुलांमध्ये मागे शरीरातलाच काही बिघाड असण्याची शक्यता जास्त. तिला सीटी लगेच नको, आधी सोनोग्राफी. आणि दूध बंद करू नका, कॅल्शियम तोडल्याने खडे उलट वाढू शकतात.

खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तुम्हाला किंवा तिला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा.

कॉन्ट्रास्टची तारीख मिळाली की इथेच लिहा, रिपोर्ट आला की त्याची शेवटची ओळ सुद्धा टाका. मी रोज बघतेय.