डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या मोहिमेसाठी लक्षात राहणारा खलनायक कसा तयार करावा?

त्याला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा आणि खेळाडू घरी बसून राहिले तर तो पुढे काय करेल, ते तीन-चार पायऱ्यांत लिहा. हिट पॉइंट (तो किती मार सोसू शकतो), मंत्र सगळ्यात शेवटी. १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या याच खेळाच्या छापील साहसातला खलनायक स्ट्राड निव्वळ व्हॅम्पायर म्हणून लक्षात राहत नाही. ज्या तातियानासाठी त्याने सख्ख्या भावाचा जीव घेतला, तिच्यासारखी दिसणारी इरीना त्याला हवी आहे, म्हणून त्याचं प्रत्येक पाऊल कळतं. शिवाय खलनायकाला शेवटपर्यंत किल्ल्यात दडवू नका. लवकर समोर आणा, दोन वाक्यं बोलू द्या, निसटायला वाट ठेवा. मात्र खेळाडूंनी त्याला दुसऱ्याच भेटीत मारलं, तर फासे लपवून वाचवू नका. मरू द्या, आणि त्याच्या उजव्या हाताला गादीवर बसवा.