वाचकांचे प्रश्न : भीतीची आठवण आणि सेरोटोनिन

प्रश्न : घाटातल्या अपघातानंतर ट्रकचा हॉर्न वाजला तरी भावाच्या हातांना घाम सुटतो, छाती धडधडते. डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू केलं, पण पाचव्या दिवसापासून घबराट उलट वाढली. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीनं असं का व्हावं? बंद करू का?

उत्तर : मनानं बंद करू नका. आजच डॉक्टरांना फोन करून हे सांगा. बऱ्याचदा 25 मिलिग्रॅमवर सुरुवात करून आठवड्यानं 50 वर नेतात. त्रास जास्त असेल तर ही वाढ लांबवता येते.

सेरोटोनिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं जातं, घोटाळा तिथूनच सुरू होतो. त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते ज्यांना चिकटून संदेश देतं ती पेशींवरची प्रथिनं, 14 प्रकारचे आहेत. ते कुठल्या पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरला चिकटतं, यावर परिणाम ठरतो. मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रकांतून (सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजांतून) सेरोटोनिनचे तंतू अमिग्डलाकडे, म्हणजे भीती हाताळणाऱ्या मेंदूच्या भागाकडे, आणि त्याच्या शेजारच्या पेशीपुंजाकडे जातात. त्या पुंजात सीआरएफ नावाचं न्यूरोपेप्टाइड (चेतापेशी संदेशासाठी वापरतात ती अमिनो आम्लांची छोटी साखळी) बनवणाऱ्या पेशी आहेत. हे 41 अमिनो आम्लांचं, ताणाची वर्दी देणारं पेप्टाइड. 2016 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की सेरोटोनिन त्याच्या ‘2सी’ प्रकारच्या रिसेप्टरमार्फत या पेशींना चेतवतं आणि भीती वाढते. सर्ट्रालिनच्याच गटातल्या फ्लुओक्सेटिनच्या एकाच डोसनंही हेच झालं. सीआरएफचा रिसेप्टर अडवला, तेव्हा ही वाढ ओसरली. भावाच्या पहिल्या आठवड्यातल्या घबराटीचं हे एक पटण्याजोगं कारण आहे.

हॉर्न थांबल्यावरही धडधड का राहते, याचं उत्तर अंशतः पेप्टाइडच्या स्वभावात आहे. सेरोटोनिन काम झालं की पेशी परत ओढून घेते. पेप्टाइड पेशीतल्या मोठ्या पुटिकांमध्ये (सूक्ष्म पिशव्यांमध्ये) साठवलेलं असतं, पेशी जोरात आणि सलग पेटली तरच सुटतं. एकदा सुटलं की परत ओढून घेण्याची सोय नाही, विकरांनी (एन्झाइमांनी) तुकडे करेपर्यंत ते काम करत राहतं.

गोळी चालू ठेवली तर दोन ते सहा आठवड्यांत चित्र पालटतं. राफेतल्या पेशींचे स्वतःला आवर घालणारे 1ए रिसेप्टर बोथट होतात, बाकीच्या रिसेप्टरांचाही तोल बदलतो. उंदरांमध्ये याच गटातल्या सिटालोप्रॅमच्या एका डोसनं भीतीचं शिक्षण वाढलं, सुमारे तीन आठवडे दिल्यावर मात्र ते कमी झालं.

तरीही गोळी आठवण पुसत नाही. 2011 च्या एका प्रयोगात नुसत्या फ्लुओक्सेटिननं किंवा भीतीचा आवाज इजेविना पुन्हा पुन्हा ऐकवण्याच्या नुसत्या सरावानं उंदरांची जुनी भीती कायमची गेली नाही, दोन्ही एकत्र दिल्यावर गेली. म्हणून गोळीच्या जोडीला प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडून एक्स्पोजर थेरपी (भीतीच्या गोष्टीला हळूहळू सामोरं जाण्याचा उपचार) घ्या. त्यात हॉर्नचं रेकॉर्डिंग आधी अगदी बारीक आवाजात लावतात आणि भीती उतरेपर्यंत चालू ठेवतात. नेमकी चूक इथंच होते : घबराट टोकाला असताना आवाज बंद केला, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हाच धडा मेंदू पक्का करतो.

ट्रामाडॉल हे वेदनाशामक किंवा डेक्स्ट्रोमिथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, या गोळीबरोबर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. ताप, थरथर, स्नायू ताठ होणं, जुलाब असं एकत्र दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. जगण्याबद्दल निराशेचं काही बोलला, विशेषतः वय 25 च्या आत असेल तर, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : रोज केळी खाल्ल्यानं मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं का?

उत्तर : नाही. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण ते रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन तसंही आतड्यातच असतं. मेंदूत जातं ते ट्रिप्टोफॅन, म्हणजे सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते अमिनो आम्ल, आणि त्याला एकाच वाहकावर ल्युसिन, टायरोसिन वगैरे इतर अमिनो आम्लांशी चढाओढ करावी लागते. भरपूर प्रथिनं खाल्ली की ही गर्दी आणखी वाढते. केळी जरूर खावीत, पण पोटासाठी.

प्रश्न : मग न्यूरोपेप्टाइडवरच थेट औषध का नाही?

उत्तर : प्रयत्न झाले. सबस्टन्स पी या पेप्टाइडचा रिसेप्टर अडवणारं अप्रेपिटंट नैराश्याच्या मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही, आज ते केमोथेरपीतल्या उलट्यांवर देतात. सीआरएफ रोखणाऱ्या औषधानंही आघातोत्तर ताणविकारात (पीटीएसडीत) निराशाच केली. ऑनलाइन ‘मेंदूचं पेप्टाइड’ म्हणून मिळणारी पावडर घेऊ नका, पेप्टाइड तोंडावाटे घेतलं की बहुतेक पोटातच पचून जातं.