स्टॉप-मोशनची बाहुली: सिलिकोन नंतर, आधी घोटा

बाहुली कशी बनवायची, असं तू पत्रात विचारलंस: सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांवर तीन मिनिटांची स्टॉप-मोशन डिप्लोमा फिल्म, म्हणजे बाहुली जरा-जरा हलवत एकेक फोटो काढायचा, आणि त्यात एक आजोबा आणि त्यांच्या हातात दोऱ्यांनी नाचवायची कळसूत्री बाहुली. विषय झकास आहे. स्केचही आवडलं, गालावरच्या सुरकुत्या तर फारच. पण तुझे बहुतेक प्रश्न सिलिकोनच्या कातडीबद्दल आहेत आणि स्केचमध्ये आजोबांचे पाय कागदाबाहेर गेलेत. मी पायांपासून सुरुवात करायला सांगेन.

त्याआधी तुझ्या घरच्या जुन्या लाकडी बाहुलीचं बघू. तीच फ्रेम-बाय-फ्रेम हलवता येईल का? नाही. कळसूत्री बाहुलीचे सांधे मुद्दाम सैल असतात. दोरी ओढली की हात वर यावा आणि सोडली की आपल्या वजनाने खाली पडावा, यातच तिचा जीव. आपल्याला नेमकं उलटं हवं. हात जिथे सोडला तिथेच थांबला पाहिजे, तू चहा पिऊन आलास तरी. चेकोस्लोव्हाकियाचा यिर्जी ट्रन्का हा बाहुल्यांच्या रंगभूमीवरूनच सिनेमात आला, पण कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाहुल्या त्यालाही निराळ्या कराव्या लागल्या.

आता आजोबा. एकास सहा हे माप धरलंस तर साडेपाच फुटांचा माणूस साधारण 28 सेंटिमीटरचा होतो. म्हातारे आहेत, वाकलेले आहेत, 25 पुरे. चालताना एक पाय उचलला की डोकं, धड, कपडे असा सगळा भार दुसऱ्या घोट्यावर येतो. विद्यार्थ्यांच्या बाहुल्या मान टाकतात, डुलतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. म्हणून आतल्या तारेच्या सांगाड्यात सगळ्यात जाड तार घोट्याला. पाऊल टाच आणि चवडा अशा दोन तुकड्यांत कर, म्हणजे टाच उचलता येईल, आणि दोन्ही तुकड्यांत एम-थ्री (3 मिलिमीटरच्या बोल्टचा) नट एम-सीलने पक्का बसव. सेटच्या प्लायवूडला भोकं पाडायची आणि खालून बोल्ट पिळायचा. रिकामी भोकं क्लेने बुजवून वरून रंग. यासाठी टेबलाखाली हात मोकळा जायला हवा, हे सेट बांधायच्या आधी लक्षात घे. लोहचुंबकाने काम सोपं होतं खरं, पण बाहुली पुढे झुकली की तो दगा देतो.

तार तुटते म्हणतोस. बांधकामाची बाइंडिंग वायर वापरू नकोस, ती वाकवलेल्या जागेवरून थोडी मागे येते आणि पडद्यावर तो झटका दिसतो. बोन्सायवाले वापरतात ती मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार घे. पायाला 3 मिलिमीटर किंवा दीड-दीडचे दोन-तीन पदर, हाताला दीडचे दोन पदर, बोटांना एकच्या आसपास. पदर ड्रिलला लावून पिळतात, पण घट्ट नाही, कारण पिळतानाच तार कडक होते आणि तिचं अर्धं आयुष्य तिथेच संपतं. कोपर आणि खांदा यांच्यामध्ये एम-सीलचं हाड भर, वाक फक्त सांध्यात राहू दे. तरीही मनगट तुटणारच. ते गृहीत धरून मनगटाशी एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या ठेव, म्हणजे तुटलेला पंजा काढून दुसरा घालता येईल, आणि पंजांचे जास्तीचे जोड आधीच करून ठेव. पुण्याच्या बोहरी आळीत फिरलास तर नट, बोल्ट, नळ्या, एम-सील एका फेरीत मिळेल. सांगाडा झाला की पावलं बोल्टने आवळ, डोक्याच्या वजनाचं काहीतरी वर अडकव, एक पाय उचल आणि रात्रभर तसंच ठेव. सकाळी घोटा खचला असेल तर तार बदल. कातडी चढल्यावर हे कळून उपयोग नाही.

डोकं हलकं हवं, आत थर्माकोलचा गोळा. डोळ्यांना भोकाचे पांढरे मणी बसव. भोक म्हणजे डोळ्यातली बाहुली, त्यात टाचणी घालून नजर फिरवायची. पापण्या क्लेच्या.

सिलिकोन मी टाळेन. प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) सिलिकोन गंधक असलेल्या क्लेवर ओतलं तर सेटच होत नाही, चिकट राहतं. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होतं. वर त्याला अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही, रंग आतच मिसळावा लागतो. डिप्लोमाच्या वेळापत्रकात हे शिकत बसायला जागा नाही. हातांना तारेवर कापूस गुंडाळून लिक्विड लेटेक्सचे (पातळ रबराचे) थर दे, अंगाला गादीचा फोम कात्रीने कापून चिकटव. लेटेक्सला अमोनियाचा वास येतो, हॉस्टेलच्या खोलीत करू नकोस.

थ्रीडी प्रिंटचे बदलते चेहरे, म्हणजे दर हावभावाला काढून दुसरे बसवायचे चेहऱ्याचे तुकडे, अमेरिकेच्या लायका स्टुडिओने 2009च्या ‘कोरालाइन’मध्ये वापरले. पण तिथे चेहऱ्याच्या सांध्याची रेघ प्रत्येक फ्रेममधून कॉम्प्युटरवर पुसणारी माणसं होती. तू सेकंदाला बारा फ्रेमने शूट केलंस तरी तीन मिनिटांचे 2160 फोटो होतात. आजोबांना बोलायला लावूच नकोस. ट्रन्काच्या बाहुल्यांचे चेहरे बहुधा बदलत नाहीत, मानेचा कल आणि प्रकाश बदलतो. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये नुसत्या काड्या नाचवल्या, त्यांना तर तोंडच नव्हतं!

धोतर जुन्या मलमलचं कर. नवं सुती कापड या मापाला पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. काठात बारीक तार शिव, म्हणजे हात लागला की दर फ्रेमला कापड थरथरणार नाही. मला विचारशील तर शर्ट नकोच, उपरणं पुरे.

राहिली आजोबांच्या हातातली बाहुली. सहाव्या हिश्श्याएवढी लहान केली की हातभर बाहुली बोटाएवढी होते. तिला बाल्साचं हलकं लाकूड घे आणि दोऱ्यांच्या जागी रंगवलेली बारीक तार. खरा दोरा दर स्पर्शाला झुलेल आणि तो थांबायची वाट बघत तुझी संध्याकाळ जाईल. मात्र बाहुली जड भासली पाहिजे, तारेवर तरंगतेय असं वाटता कामा नये. म्हणून सुट्टीत पिंगुळीला जाशील तेव्हा खेळ समोरून शूट करून भागणार नाही. ठाकर आदिवासी कला आंगणात विचार, परवानगी मिळाली तर पडद्यामागून, फक्त हात दिसतील असं शूट कर. दोरी ओढायच्या आधी बोटं किती खाली जातात आणि बाहुली मागाहून किती उशिरा हलते, ते एक-एक फ्रेम पुढे सरकवून मोज. तेवढ्या फ्रेम एक्सपोजर शीटवर, म्हणजे कोणत्या फ्रेमला काय हलवायचं त्या तक्त्यावर, लिहून ठेव, मग सांगाड्याच्या तारा काप.