आज्ञा पाळायच्या कुणासाठी?

मी मेथडिस्ट पंथाची ख्रिस्ती. गुंटूरहून आलेली आमची सून ल्यूथरन पंथाची. तिच्या पुस्तकातल्या दहा आज्ञांत मूर्तीची दुसरी आज्ञाच नाही. गाळली की काय? (एक आजी, खानापूर)

गाळलेली नाही, आजी. बायबलमधल्या निर्गमाच्या २० व्या अध्यायात आज्ञांना क्रमांक नाहीत, ते नंतर लोकांनी लावले. ल्यूथरन आणि कॅथलिक जुन्या काळातल्या धर्मगुरू ऑगस्टिनची गणती धरतात: मूर्तीचं वाक्य पहिल्याच आज्ञेत, आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा. त्यामुळे तुमच्या कॅथलिक शेजारणीशी सुनेचे क्रमांक जुळतील, तुमच्याशी नाही जुळणार. तिने क्रुसावरच्या येशूची मूर्ती भिंतीला लावली तर तेही चालवून घ्या. १५२२ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला चर्चमधल्या मूर्ती काढून टाकण्याची घाई सुटली होती. तेव्हा ल्यूथरने, म्हणजे सुनेच्या पंथाच्या मूळ पुरुषाने, तिथे परत येऊन सलग आठ प्रवचनांत लोकांना आवरलं.

विश्वासानेच तारण होतं, तर मग आज्ञा पाठ कशाला करायच्या? (निपाणी)

हा प्रश्न ल्यूथरच्या हयातीतच पेटला होता. त्याचाच सहकारी योहान अग्रिकोला म्हणू लागला, विश्वासणाऱ्यांना नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, शिकवायची गरज नाही. ल्यूथरने त्याला कडाडून विरोध केला. पुढे १५७७ च्या ल्यूथरन कबुलीपत्रात (पंथाच्या श्रद्धेचं लेखी निवेदन) नियमशास्त्राचे तीन उपयोग मांडले गेले: उघड दुष्टपणाला आळा घालणं, माणसाला त्याचं पाप दाखवणं आणि तारण झालेल्याला वाट दाखवणं.

दुसरा उपयोग ल्यूथरन फार गंभीरपणे घेतात. आज्ञा वाचून 'मी बरा आहे' असं वाटत असेल, तर ती नीट वाचलेलीच नाही. तारण ख्रिस्तामुळे फुकट मिळालंय, त्यामुळे आज्ञा पाळून देवाकडे पुण्य साठवायचा प्रश्नच उरत नाही. पाळायच्या त्या शेजाऱ्यासाठी. म्हणूनच ल्यूथरच्या १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या पुस्तकात) खुनाची आज्ञा 'मारू नको' एवढ्यावर थांबत नाही. शेजाऱ्याच्या जिवाला लागेल ती मदत कर, असंही ती सांगते.

एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक स्थापना दिन, जवळ आला की ग्रुपवर 'त्या लोकांचे', कानडी लोकांचे, व्हिडिओ येतात. मीही पुढे ढकलतो. खोटी साक्ष म्हणजे कोर्टातली ना? (बेळगाव)

नाही हो. त्याच प्रश्नोत्तरीत चहाडी आणि बदनामीही त्यात येते. उलट शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा, असं सांगितलंय. आणि कन्नड बोलणारा शेजारीही शेजारीच. भाषेच्या हक्कासाठी खुशाल मोर्चा काढा, निवेदन द्या. आठवी आज्ञा, म्हणजे ही खोट्या साक्षीची, त्याच्या आड येत नाही. उघड झालेला अन्याय उघड बोलायला ल्यूथरचीही ना नाही. पण जे सिद्ध करता येत नाही ते पसरवू नका, हेही तो ठणकावतो. तुमच्या व्हिडिओंपैकी किती कुठले, कधीचे, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

मी साखर कारखान्याच्या काट्यावर आहे. काटामारी वरून सांगतात म्हणून होते. चोरी माझी कशी? (अथणी)

सांगणाऱ्याची आहेच, तुमचीही आहे. ल्यूथरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत खोटी वजनं सरळ सातव्या आज्ञेखाली, चोरीत येतात. वरिष्ठांचं ऐकावं हे चौथी, आईबापांचा मान राखायची आज्ञा शिकवते खरं, पण पाप करायला लावणारा हुकूम तिच्यात बसत नाही (प्रेषितांची कृत्ये ५:२९). नोकरीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. तरी उद्यापासून खोटी पावती फाडू नका. एकट्याने भिडण्याऐवजी तुमच्या पाळकांना आणि विश्वासातल्या एखाद्या शेतकऱ्याला सांगा, आणि वजनमापे खात्याकडे तक्रार कशी करायची ते तिघं मिळून ठरवा.